प्रोग्रामिंग केबलला वीज कोणी द्यायची?

आरएस-२३२ च्या नऊ पिनांच्या पोर्टात वीज पुरवणारी एकही पिन नाही. एक पाठवायची, एक घ्यायची, एक ग्राउंड. उरलेल्या सहा म्हणजे मॉडेमशी करायच्या खाणाखुणा. १९६० साली अमेरिकेत हे मानक ठरलं तेव्हा केबलच्या दुसऱ्या टोकाला मॉडेम असणार आणि तो आपली वीज भिंतीतल्या सॉकेटातून घेणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मूळच्या पंचवीस पिनांचं ते कनेक्टर १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीबरोबर नऊ पिनांचं झालं, पण विजेची सोय तेव्हाही झाली नाही. पुढे याच पोर्टातून कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे पीएलसीत, प्रोग्राम भरायची वेळ आली. पीएलसी मात्र बहुतेक वेळा आरएस-४२२ किंवा आरएस-४८५ बोलत होता. अगदी जुना असेल तर २० मिलीअँपिअरचा करंट लूप. म्हणून मध्ये कन्व्हर्टर आला, आणि त्याच्याबरोबर प्रश्न आला, की याला वीज कोणी द्यायची?

प्रत्येक कंपनीने याचं आपापलं उत्तर काढलं. भोसरी, अंबड, वाळूज, गोकुळ शिरगाव अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत मेन्टेनन्सचं कपाट उघडलं की ही सगळी उत्तरं एकमेकांत गुंतलेल्या केबलींच्या रूपात सापडतात. कम्युनिकेशन होत नाही म्हटलं की पहिला संशय ड्रायव्हरवर जातो, मग बॉड रेट, मग पॅरिटी, मग विंडोज पुन्हा टाकण्यापर्यंत मजल जाते. सप्लाय तपासायचं शेवटी सुचतं, किंवा सुचतच नाही. माझ्या मते तो पहिल्यांदा तपासायला हवा.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९६९ च्या सुमाराला मॉडिकॉन ०८४ हा पहिला पीएलसी जनरल मोटर्सला दाखवला गेला, आणि त्यानंतरची बरीच वर्षं प्रोग्राम भरण्यासाठी प्रत्येक कंपनीचं स्वतःचं वजनदार यंत्र असे. सीमेन्सच्या पीजी मालिकेतलं यंत्र घ्या. त्यात पडदा, कीबोर्ड आणि पीएलसीला लागणारा नेमका इंटरफेस आतच बसवलेला, आणि मागे जाड मेन्स केबल. १९७९ पासूनच्या सिमॅटिक एस५ चं प्रोग्रामिंग पोर्ट २० मिलीअँपिअर लूपचं होतं. लूपमध्ये निरोप आणि वीज वेगळी नसतेच. करंट वाहतोय म्हणजे एक, थांबला म्हणजे शून्य. तिथे तो करंट कोणत्या बाजूने द्यायचा हे आधीच ठरवावं लागे. देणारी बाजू ॲक्टिव्ह, घेणारी पॅसिव्ह. दोन्ही पॅसिव्ह निघाल्या तर सगळं बरोबर जोडूनही लाइन मुकी. पीजीच्या जागी साधा पीसी आला, यंत्राची किंमत वाचली आणि इंटरफेसचा सगळा भार हातभर केबलच्या मध्यावरच्या डबीवर येऊन पडला. त्या डबीला मेन्सची वायर कोणालाच नको होती. पॅनेलसमोर वाकून, एका गुडघ्यावर लॅपटॉप तोलत काम करणाऱ्याला मोकळं सॉकेट सापडेल याची खात्री कोण देणार?

पहिली युक्ती होती पीसीच्याच पोर्टातून वीज काढायची. आरटीएस आणि डीटीआर या दोन खुणेच्या लाइनी, पोर्ट उघडं असताना, बहुधा पॉझिटिव्ह असतात. त्यांना एकेक डायोड लावा, मागे कपॅसिटर आणि पाच व्होल्टचा रेग्युलेटर ठेवा, झाला सप्लाय. शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढण्याचाच हा प्रकार, आणि त्याची मर्यादाही तीच: दिवा लागतो, गिझर लावला की दोघांकडे अंधार. सीरिअल माऊस वर्षानुवर्षं याच चोरीवर चालला, म्हणून ही युक्ती प्रतिष्ठित झाली. मानकात तिला जागा नाही. ड्रायव्हरने ३ ते ७ किलोओहमच्या लोडला किमान ५ व्होल्ट द्यावेत एवढंच मानक सांगतं; म्हणजे हमी फार तर दीड-दोन मिलीअँपिअरची. त्याहून जे मिळतं ती त्या त्या पीसीची मेहेरबानी.

जुन्या डेस्कटॉपची मेहेरबानी मोठी होती. आत १४८८ जातीचा ड्रायव्हर आयसी आणि त्याला एसएमपीएसमधून थेट अधिक-उणे १२ व्होल्ट. प्रत्येक लाइन सुमारे १० मिलीअँपिअरवर स्वतःला आवरायची. दोन लाइनी जोडून पंधराएक मिलीअँपिअर निघायचे. १९८७ मध्ये मॅक्सिमचा मॅक्स२३२ आला. एकाच पाच व्होल्टवर चालणारा, चार कपॅसिटरच्या चार्ज पंपाने अधिक-उणे दहाच्या आसपास दाब आतल्या आत तयार करणारा. पीसी आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांची सोय झाली, चोरट्या कन्व्हर्टरची पंचाईत झाली. चार्ज पंपाकडून चार-पाच मिलीअँपिअर मागितले की त्याचा दाब झरझर खाली येतो.

आता दुसऱ्या बाजूची मागणी बघू. जुना ७५१७६ हा आरएस-४८५ चा आयसी नुसता जागा राहायलाच ४० मिलीअँपिअरच्या घरात खातो. तो पोर्टाच्या चोरीवर चालणं शक्यच नव्हतं. मॅक्स४८५ सारखे सीमॉस आयसी आले, त्यांची स्वतःची भूक अर्ध्या मिलीअँपिअरच्या आत, आणि मग पोर्टवर चालणाऱ्या कन्व्हर्टरचं पीक आलं. पण आयसीची भूक वेगळी आणि लाइनची वेगळी. आरएस-४८५ चं १९८३ चं मानक म्हणतं, की ५४ ओहमच्या लोडवर ड्रायव्हरने किमान १.५ व्होल्टचा फरक दाखवावा. भागाकार केला तर २८ मिलीअँपिअर होतात, आणि प्रत्यक्षात चांगला ड्रायव्हर याहून जास्तच देतो. हे ५४ ओहम येतात कुठून? लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमची दोन टर्मिनेशन आणि मधली बत्तीस उपकरणं, सगळी समांतर. टेबलावर एकच पीएलसी, दोन मीटरची केबल आणि टर्मिनेशन नाही अशी स्थिती असेल तर हाच लोड अर्ध्या मिलीअँपिअरवर येतो. म्हणून तीच केबल दुकानात डेमो देताना सुरेख चालते आणि चालू लाइनवर लावली की मान टाकते. विकणारा खोटं बोललेला नसतो.

मधली अवस्था जास्त छळते. समजा सप्लायची तूट फक्त ५ मिलीअँपिअरची आहे आणि आत १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. कन्व्हर्टर पाठवू लागला की कपॅसिटरचा दाब दर २० मिलीसेकंदाला एक व्होल्टने उतरतो. ९६०० च्या वेगाला, पॅरिटी धरून अकरा बिटांचं एक अक्षर, म्हणजे तेवढ्यात जेमतेम सतरा-अठरा अक्षरं जातात. छोटी प्रश्नोत्तरं निभतात, मध्ये लाइन शांत झाली की कपॅसिटर पुन्हा भरतो. सॉफ्टवेअर ऑनलाइन जातं, पीएलसीचं मॉडेल ओळखतं, सगळं छान दिसतं, आणि डाउनलोड तिसऱ्या-चौथ्या ब्लॉकवर तुटतं. असा दोष बघितला की कोणीही प्रोग्रामवर किंवा पीएलसीच्या मेमरीवर संशय घेईल. सप्लायचं नाव येत नाही, कारण केबल 'चालतेय' असं डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

या चोरीत आणखी दोन बारकावे आहेत. काही कन्व्हर्टर आरटीएस लाइन दिशा बदलण्यासाठी वापरतात: आरटीएस वर असेल तर पाठव, खाली असेल तर ऐक. तीच लाइन वीज पुरवत असेल तर ऐकण्याच्या वेळी सप्लाय निम्मा होतो. दुसरं, पीसीकडे परत पाठवायचं तर निगेटिव्ह दाब लागतो. साधे कन्व्हर्टर तो पीसीच्याच पाठवायच्या लाइनीवरून उचलतात, कारण ती निवांत असताना निगेटिव्ह असते. हुशार कल्पना आहे. पीसी आणि पीएलसी आळीपाळीने बोलतात तोवर ती टिकते.

पीएलसी बनवणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी वेगळा रस्ता धरला: कन्व्हर्टरला पीएलसीने पोसायचं. पीएलसीकडे २४ व्होल्टचा एसएमपीएस असतोच, आणि पोर्टची रचना त्यांच्याच हातात. सीमेन्सच्या एस७-२०० च्या नऊ पिनी पोर्टात ३ आणि ८ वर डेटा, ७ वर २४ व्होल्ट आणि २ वर त्याची परतीची वाट. पीसी/पीपीआय केबलमधली डबी हे २४ व्होल्ट घेऊन जगते. शिवाय ६ वर पाच व्होल्ट आहेत, पण मालिकेत १०० ओहमचा रेझिस्टर लावून. तिथून ३० मिलीअँपिअर ओढायला गेलं तर तीन व्होल्ट त्या रेझिस्टरमध्येच संपतात. ती पिन लाइनला बायस (निवांत असतानाचा ठरावीक दाब) द्यायला ठेवलेली आहे, कन्व्हर्टर चालवायला नव्हे. घरगुती केबल बनवणारे नेमके इथेच फसतात.

मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत आठ पिनी मिनी-डिन पोर्टातून आरएस-४२२ च्या चार लाइनींबरोबर पाच व्होल्ट येतात आणि एससी-०९ जातीची केबल त्यावर चालते. ओमरॉनच्या सीपीयूच्या आरएस-२३२ पोर्टात सहाव्या पिनेवर पाच व्होल्ट आहेत, कमाल १५० मिलीअँपिअर, एनटी-एएल००१ सारख्या लिंक अडॅप्टरसाठी; दुसरं काही त्यावर चालवू नका, अशी ताकीद मॅन्युअलात दिलेली असते. जीईच्या ९०-३० चा मिनी कन्व्हर्टरही पीएलसीच्या पाच व्होल्टवर. अॅलन-ब्रॅडलीने एसएलसी-५०० साठी दिलेला १७४७-पीआयसी कन्व्हर्टर प्रोसेसरच्या डीएच-४८५ जॅकमधूनच वीज घेतो. हा जॅक दिसायला हुबेहूब इथरनेटचा. त्यात वीज आहे हे माहीत नसलेल्याने लॅपटॉपची लॅन केबल घुसवली तर काय होईल ते सांगायला नको. याच कंपनीच्या एआयसी-प्लस डबीवर एक छोटा स्विच आहे: सप्लाय केबलमधून की बाहेरून. माझ्या मते या साऱ्या पिढीतली ही सगळ्यात प्रामाणिक रचना. वीज कुठून येते हे लपवलेलं नाही, जोडणाऱ्याला विचारलेलं आहे.

पीएलसीवर पोसलेली केबल भक्कम असते, पण तिचेही खड्डे आहेत. सगळ्यात नेहमीचा म्हणजे २४ व्होल्ट फक्त सीपीयूच्याच पोर्टावर असतात. एस७-३०० ला प्रोफिबसवर दहा ड्राइव्ह जोडलेले आहेत आणि सीपीयूचं पॅनेल पार शेडच्या दुसऱ्या टोकाला. माणूस विचार करतो, लाइन तर एकच आहे, जवळच्या ड्राइव्हच्या कनेक्टरवरच पीसी अडॅप्टर लावू. अडॅप्टरचा दिवाच लागत नाही. प्रोफिबसच्या जांभळ्या केबलमधून ए आणि बी अशा दोनच तारा जातात. २४ व्होल्ट त्यात नाहीत. मग नवा अडॅप्टर मागवला जातो, तोही लागत नाही. उपाय दोनच: सीपीयूपर्यंत चालत जा, किंवा अडॅप्टरला बाहेरून २४ व्होल्ट द्या.

दुसरा खड्डा पिनांचा. एस७-२०० चं पोर्ट आणि पीसीचं कॉम पोर्ट एकाच आकाराचं. मॉडेमची सरळ केबल दोन्हीकडे बेमालूम बसते. मग पीएलसीच्या सातव्या पिनेवरचे २४ व्होल्ट पीसीच्या आरटीएस ड्रायव्हरवर जाऊन आदळतात, आणि पीएलसीचं परतीचं टोक पीसीच्या ऐकायच्या लाइनीला चिकटतं. कोणाचा आयसी आधी जाईल ते नशिबावर.

तिसरा खड्डा स्वस्ताईचा. बाजारातली एक बिनानावाची पीपीआय केबल मी एकदा फोडून बघितली. चिकटवलेली प्लास्टिकची डबी, आत करंगळीएवढी पाटी, एक ४८५ चा आयसी, दोन ट्रान्झिस्टर आणि २४ वरून ५ करायला ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा चिमुकला ७८एल०५. हिशोब सोपा आहे. एकोणीस व्होल्ट रेग्युलेटरमध्ये जिरवायचे, करंट ३० मिलीअँपिअर, म्हणजे अर्ध्या वॅटहून जास्त उष्णता. त्या आकाराच्या पॅकेजला एका वॅटला १८०-२०० अंशांनी तापायची सवय असते. म्हणजे हा बापडा भोवतालच्या हवेपेक्षा शंभरेक अंशांनी तापणार. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखालचं बंद पॅनेल आधीच पन्नाशीला पोचलेलं असतं. रेग्युलेटर स्वतःला वाचवायला बंद होतो, थंड झाला की पुन्हा उठतो. 'सकाळी चालते, दुपारी चालत नाही' ही तक्रार येते ती इथून. शिवाय औद्योगिक २४ व्होल्ट म्हणजे नेमके २४ नव्हेत. मानक त्याला २०.४ ते २८.८ पर्यंत हलायची मुभा देतं, आणि ७८एल०५ ची कमाल मर्यादा ३० व्होल्ट. कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना येणारा एखादा झटका त्याला पुरे. चांगल्या केबलमध्ये या जागी छोटा स्विचिंग रेग्युलेटर असतो, जोडीला झटका गिळणारा डायोड. किमतीतला फरक बराचसा इथेच जातो.

यूएसबी आल्यावर सगळ्यांना वाटलं, सुटलो. पाच व्होल्ट आयते, सुरुवातीला १०० आणि मान्यता मिळाल्यावर ५०० मिलीअँपिअर. कन्व्हर्टरला लागतात पन्नास. पण लॅपटॉपवरून कॉम पोर्ट गेलं तरी कपाटातल्या जुन्या केबली गेल्या नाहीत, म्हणून लोकांनी साखळी केली: यूएसबी ते आरएस-२३२ अडॅप्टर, आणि त्याला जुना, पोर्टवर चालणारा कन्व्हर्टर. आजच्या निम्म्या तक्रारी या साखळीच्या आहेत असं मला वाटतं. अडॅप्टरमधला चार्ज पंप अधिक-उणे पाच-सहा व्होल्ट कसेबसे करतो. काही अगदी स्वस्त अडॅप्टरांत तर निगेटिव्ह दाब बनतच नाही. शून्य ते पाच एवढीच उडी. त्यावर जिचं पोट भरायचं ती केबल उपाशी, आणि निगेटिव्ह उसना घेणारी तर मुळातच मेलेली. केबल खराब नाही, अडॅप्टर खराब नाही, दोघांची सोयरीक चुकलेली आहे. पीएलसीवर पोसली जाणारी केबल याच अडॅप्टरवर मजेत चालते, कारण तिला त्याच्याकडून विजेची अपेक्षाच नसते.

या काळात यूएसबी-सीरिअल चिपांच्या भानगडीने गोंधळ वाढवला. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या नव्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांची ओळखच शून्य करून टाकली आणि चालत्या केबली एका अपडेटनंतर दिसेनाशा झाल्या. पीएल२३०३ च्या जुन्या चिपांनाही नव्या विंडोजवर त्यांच्याच कंपनीच्या ड्रायव्हरने दार बंद केलं. तेव्हापासून ड्रायव्हरचा धसका लोकांच्या मनात इतका बसला, की विजेचा दोषही ड्रायव्हरच्याच खात्यावर पडतो. काखेत कळसा म्हणतात तो हा. यूएसबीचा स्वतःचा विजेचा दोष असतो तेव्हा तो बहुधा झोपेचा असतो: वीज वाचवण्यासाठी विंडोज मोकळं पोर्ट निद्रिस्त करतं, आणि झोपलेल्या उपकरणाला २.५ मिलीअँपिअरहून जास्त घेता येत नाही. पॉवर सेटिंगमधला तो पर्याय बंद करावा. दुसरं, स्वतःचा सप्लाय नसलेला हब मध्ये नको. तो एका पोर्टाला १०० मिलीअँपिअरच देऊ शकतो.

आता सगळ्यात महागात पडणारी बाजू. यूएसबीवर पोसलेला कन्व्हर्टर, आत कसलाही आडपडदा नाही, आणि पलीकडे पीएलसी. म्हणजे लॅपटॉपचं ग्राउंड आणि पीएलसीचं ग्राउंड तांब्याच्या तारेने एक झाले. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनी असेल, किंवा तीन पिनी असून सॉकेटात अर्थिंगच नसेल (आणि आपल्याकडच्या शेडमध्ये हे सर्रास असतं), तर चार्जरमधल्या गाळणी कपॅसिटरमुळे लॅपटॉपचं अंग मेन्सच्या जवळजवळ निम्म्या दाबावर तरंगतं. मल्टिमीटर लावला तर अर्थच्या तुलनेत शंभरेक व्होल्ट दिसतात. करंट मिलीअँपिअरच्या अंशाएवढा, हाताला फार तर मुंग्या येतात. पण मॅक्स४८५ च्या लाइन पिनांना उणे ८ ते अधिक १२.५ व्होल्टपलीकडे काही सोसत नाही. कनेक्टर बसवताना डेटाची पिन ग्राउंडच्या आधी टेकली तर तो साठा तिच्यातूनच वाट काढतो. पोर्ट उडालं, असं मग म्हणतात. एस७-२०० चं पोर्ट आयसोलेटेड नाही, त्यामुळे त्याच्यावर हा प्रसंग वारंवार येतो.

अर्थिंग नीट असेल तर? तरीही दोन अर्थ एक नसतात. पॅनेलचा अर्थ त्या शेडचा, त्यावर व्हीएफडी आणि वेल्डिंग मशीनचा कचरा सांडलेला; लॅपटॉप ज्या एक्स्टेंशन बोर्डवर आहे त्याचा अर्थ ऑफिसकडून आलेला. दोहोंत काही व्होल्टांचा फरक सहज निघतो. आरएस-४८५ उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचा असा फरक चालवून घेतं, आणि म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण ग्राउंडची तार जोडल्यावर फरक डेटाच्या दिशेने उरत नाही, तो करंट होऊन त्या बारीक तारेतून वाहू लागतो.

उपाय आयसोलेशन. डेटा प्रकाशाने किंवा चुंबकाने पलीकडे न्यायचा, मध्ये तांबं नाही. ९६०० ला साधा पीसी८१७ ऑप्टोकपलरही निभावतो, कारण एका बिटाला १०४ मायक्रोसेकंद मिळतात; पण सीमेन्सच्या एमपीआय पोर्टच्या १८७.५ किलोबिटला बिट साडेपाच मायक्रोसेकंदांहून लहान, तिथे ६एन१३७ सारखा वेगवान किंवा एडीयूएम जातीचा डिजिटल आयसोलेटरच हवा. इथवर सगळे येतात. पण डेटा आयसोलेट केला आणि पलीकडच्या अर्ध्या भागाला यूएसबीचेच पाच व्होल्ट आणि यूएसबीचंच ग्राउंड दिलं, तर सगळी मेहनत पाण्यात. खोक्यावर 'ऑप्टो आयसोलेटेड' छापलेलं आणि आत दोन ग्राउंड तांब्याने जोडलेले, असे नग बाजारात आहेत. ओळखायची पद्धत सोपी: काहीही न जोडता मल्टिमीटरने यूएसबीच्या कनेक्टरचं ग्राउंड आणि पलीकडचं ग्राउंड यांच्यात रेझिस्टन्स मोजा. शून्य आला तर छापलेलं विसरा.

पलीकडच्या भागाला वीज द्यायचे मग दोनच सरळ मार्ग उरतात. एक, आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल, पाच व्होल्ट आत, पाच बाहेर, एक वॅट, बहुधा १००० व्होल्टला एक सेकंद तपासलेलं. या स्वस्त मॉड्यूलांत रेग्युलेशन नसतं. पुरेसा लोड नसेल तर पाचाऐवजी सहाच्या वर दाब चढतो, म्हणून त्यापुढे रेग्युलेटर किंवा किमान लोडचा रेझिस्टर लागतो. दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे: अलीकडचा अर्धा भाग यूएसबीवर, पलीकडचा अर्धा पीएलसीच्या पोर्टावर. ज्याचा त्याचा भाग ज्याने त्याने पोसावा, मधून फक्त निरोप जावा. कोणाच्या मेहेरबानीवर कोणी नाही आणि डीसी-डीसीची गरजही नाही. अडचण एकच, पीएलसीचं पोर्ट वीज देणारं हवं; नुसत्या ए-बी टर्मिनलवर, म्हणजे ड्राइव्हला किंवा मीटरला जोडताना, डीसी-डीसीवालाच घ्यावा लागतो.

आणि हातात आयसोलेटेड केबल नसेल तर लॅपटॉपचा चार्जर काढावा. बॅटरीवरचा लॅपटॉप कोणाच्याच अर्थला बांधलेला नसतो. फुकटातलं हे आयसोलेशन अनेक जुन्या मंडळींच्या अंगवळणी पडलेलं आहे; कारण विचारलं तर सांगता येत नाही, पण चार्जर काढल्याशिवाय केबल लावत नाहीत.

टर्मिनेशनलाही वीज लागते, ही गोष्ट चर्चेतून नेहमी निसटते. प्रोफिबसच्या कनेक्टरमध्ये ३९०, २२० आणि ३९० ओहमची साखळी असते आणि तिला पाच व्होल्ट ज्या उपकरणावर तो बसलाय त्याच्या पोर्टातून मिळतात. लाइन निवांत असताना बी आणि ए यांच्यात १.१ व्होल्ट दिसायला हवेत. शेवटच्या टोकाचा ड्राइव्ह दुरुस्तीसाठी बंद केला की त्या टोकाचा बायस जातो, लाइन डळमळते, आणि दोष पुन्हा प्रोग्रामिंग केबलवर ढकलला जातो.

तपासणीला फार सामान लागत नाही. पीसीच्या बाजूने चालणारा कन्व्हर्टर असेल तर सॉफ्टवेअरमधून पोर्ट उघडून चौथी आणि पाचवी पिन, म्हणजे डीटीआर आणि ग्राउंड, यांच्यात एक किलोओहमचा रेझिस्टर टाकावा आणि दाब मोजावा. सहा व्होल्टच्या वर राहिला तर पोर्ट सहा मिलीअँपिअर देऊ शकतं. चाराखाली आला तर त्या अडॅप्टरवर कसलीच चोरी पचणार नाही. रेझिस्टर न लावता मोजलेला दाब निरर्थक, तो सगळीकडे छानच दिसतो. पोर्ट उघडायला विसरू नये, कारण काही सॉफ्टवेअर आरटीएस-डीटीआर वर करतं, काही करत नाही. एकाच केबलने एक प्रोग्राम चालतो आणि दुसरा चालत नाही त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच. पीएलसीवर चालणारी केबल असेल तर डबीच्या आतला पाच व्होल्टचा बिंदू डाउनलोड सुरू असताना पाहावा. स्वस्थ बसलेल्या केबलचा दाब काहीच सांगत नाही. दिवा लागतो हा तर पुरावाच नव्हे. एलईडी दोन व्होल्टवरही लागतो.

नव्या पीएलसींनी हा प्रश्न बाजूला सारला. सीमेन्सच्या एस७-१२०० ला २००९ पासून इथरनेट, मित्सुबिशीच्या एफएक्स५यू ला इथरनेट, छोट्या पीएलसींवर यूएसबी. इथरनेटच्या जॅकमागे ट्रान्सफॉर्मर असतो, तो दीड हजार व्होल्ट अडवतो, दोन्ही टोकं आपापल्या विजेवर. म्हणजे वर मी जिला पसंती दिली तीच रचना, फक्त सगळ्यांना सक्तीची केलेली. पण एफएक्स२एन आणि एस७-२०० चं उत्पादन थांबलं म्हणून त्यांच्यावर चालणारी यंत्रं थांबत नाहीत. पंधरा-वीस वर्षं जुनं पॅकिंग मशीन किंवा डाइंगचं मशीन धंद्याच्या हिशोबाने अजून तरुण असतं.

अशा पोर्टांवर आता वायफाय आणि ब्लूटूथची छोटी मॉड्यूलं लावायची चाल पडतेय, म्हणजे पॅनेलचं दार न उघडता पीएलसीचा लॅडर प्रोग्राम बघता येईल. मॉड्यूल जगतं पीएलसीच्याच पोर्टावर. ईएसपी८२६६ सारखी वायफाय चिप पाठवताना १७० मिलीअँपिअर खाते, क्षणभर त्याहूनही जास्त, ३.३ व्होल्टवर. ओमरॉनच्या सहाव्या पिनेवर कमाल दीडशे आहेत. सीमेन्सच्या २४ व्होल्टवरून स्विचिंग रेग्युलेटरने घेतले तर तीच भूक ३०-३५ मिलीअँपिअरमध्ये भागते, पण ७८एल०५ लावला तर तीन वॅटच्या वर उष्णता होते आणि तो काही सेकंदही टिकत नाही. पाच व्होल्टच्या पोर्टावर असं मॉड्यूल लावायचंच असेल तर पोर्टातून फक्त डेटा आणि ग्राउंड घ्यावं, आणि मॉड्यूलची वीज पॅनेलमधल्या २४ व्होल्ट एसएमपीएसवरून, स्वतःच्या फ्यूजसकट, वेगळ्या टर्मिनलवरून आणावी.